कथित जर्मन पदक

माणसाला कुणी चोर म्हटलं तर तो भांडतो, मूर्ख म्हटलं तर रुसतो. पण 'कथित' म्हटलं तर नेमकं काय करायचं असतं, हे मला वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला वाचनालय आहे. त्याला यंदा पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून कमिटीनं एक काचेचं कपाट करवून घेतलं आणि जुन्या सभासदांच्या घरातल्या वस्तू मांडायला मागितल्या. वाचनालय सुरू करणाऱ्या पाच जणांत माझे सासरे होते. त्यांची आठवण म्हणून मी घरातलं जर्मन पदक दिलं. बिस्किटाएवढं गोल, चंदेरी, हातात घेतलं तर चांगलं जड. दोन दिवसांनी ठेवणीतले कपडे करून, सुनेला बरोबर घेऊन मी ते पाहायला गेले. कपाटात एका वकिलांची दौत होती, एका मास्तरांचा चष्मा होता, कुणाची तरी मोडकी छत्री होती. छत्रीच्या मुठीखाली आमचं पदक, आणि त्याच्याजवळ सुबक अक्षरात चिठ्ठी: 'कथित जर्मन लष्करी पदक.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दौत कथित नव्हती. छत्री कथित नव्हती. तो चष्मा त्या मास्तरांचाच कशावरून, हे कुणी विचारलं नव्हतं. अख्ख्या कपाटात कथित काय ते आम्हीच.

चिठ्ठ्या लिहिल्या होत्या वाचनालयाच्या सेक्रेटरींनी. हे निवृत्त मुख्याध्यापक. चौतीस वर्षं इतिहास शिकवला आणि त्यातून एकच गोष्ट घरी घेऊन आले, ती म्हणजे पुरावा. सगळा रस्ता त्यांना पाठीमागे पुरावा-सर म्हणतो. त्यांची बायको सांगते की चहा झाला म्हटलं तरी ते आधी कपात डोकावून बघतात.

"सर, कथित म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे तुम्ही म्हणता म्हणून, काकू."

"म्हणजे मी म्हणते ते खोटं?"

"छे छे. खोटं म्हणायलासुद्धा पुरावा लागतो."

"माझ्या सासऱ्यांना एका जर्मन माणसानं दिलंय ते, स्वतःच्या हातानं."

"असेल. पण जर्मनांची त्या काळातली लोखंडी पदकं काळी असतात, हे चंदेरी आहे. आणि काकू, रागावू नका, याच्या कडेला ब्रशचा केस चिकटलाय."

केस होता खरा. तो कुठून आला हे मला ठाऊक होतं, पण ती वेळ सांगायची नव्हती. सून माझी बाही ओढत होती. मी म्हटलं, "दाखला आणला तर शब्द काढाल?"

"आनंदानं. महिनाअखेरीला उद्घाटन आहे, त्याच्या आत आणा."

मी पदक रुमालात बांधलं आणि घरी आले.

आता कुणी म्हणेल, एका शब्दासाठी एवढा त्रागा कशाला? तर माझे सासरे, मामंजी, हे कंपाउंडर होते. डॉक्टरवर लोक शंका घेतात, पण कंपाउंडरनं बाटलीत भरून दिलेलं लाल पाणी डोळे मिटून पितात. आयुष्यभर लोकांनी ज्याच्या हातचं न विचारता प्यायलं, त्याच्या हातची वस्तू मरणानंतर कथित? मला ते सोसवेना.

मामंजींनी तरुणपणी, पहिल्या महायुद्धात, लष्करी इस्पितळात मलमपट्टीचं काम केलं होतं. तिथं एक जखमी जर्मन कैदी होता. मामंजींनी दोन महिने त्याच्या पायाची जखम धुतली, आणि जाताना त्यानं हे पदक त्यांना दिलं. गोष्ट एवढीच. मामंजी ती सांगताना शेवटी म्हणत, "त्याच्या आईचं पदक होतं ते." आणि सगळं घर त्यांना दुरुस्त करायला धावे. हे, म्हणजे माझे यजमान, म्हणत, "बाबा, आई कशाला लढाईत जाईल? मातृभूमी म्हणाला असेल तो." मामंजी भांडत नसत. पानाची घडी घालावी तशी गोष्टीची घडी घालून गप्प बसत.

मामंजींच्या मागं ती गोष्ट गेली माझ्या धाकट्या दिराकडे. भावजी आता बहात्तर वर्षांचे आहेत, पण घरातलं शेंडेफळ ते शेंडेफळच. मी लग्न होऊन आले तेव्हा गोष्टीतला जर्मन साधा शिपाई होता. भावजींच्या तोंडून त्याला बढती मिळत मिळत गेल्या वर्षापर्यंत तो सेनापती झाला होता. पदकावर गुडघ्यावर बसलेली एक आकृती अंधुक दिसत असे. ती नेम धरून बसलेला बंदूकवाला, हेही भावजींनीच ठरवलेलं.

आणि पदक माझ्याकडे कसं आलं? लग्नाला तिसरं वर्ष होतं. भावजी तेव्हा सोळा वर्षांचे. त्यांच्या पोटात काहीतरी फुटून मोठं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर चार दिवसांनी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात आले. ते कधी उंबरठा ओलांडत नसत, त्या दिवशी ओलांडला. जखमेवर बांधायच्या जाळीच्या कापडात गुंडाळलेली एक काळी चकती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "हे त्याच्या आईचं. आता तुझं. सांभाळ." मला वाटलं, मुलाच्या काळजीनं बिचाऱ्यांचं डोकं जरा फिरलंय.

सांभाळ म्हटल्यावर मी सांभाळलं. लोखंड सांभाळायचं म्हणजे काय, हे कोणत्याही गृहिणीला विचारा. त्याला रंग द्यायचा! आठ दिवसांनी आमच्या खिडक्यांच्या जाळ्या रंगवायला माणूस आला. डब्याच्या तळाशी चंदेरी रंग उरला होता, तो मी पदकाला दिला. पुढं जेव्हा जेव्हा जाळ्या रंगल्या, तेव्हा तेव्हा उरलेल्या रंगाचा एक हात पदकाला. गंजाचा एक ठिपका म्हणून पडू दिला नाही. मला त्याचा अभिमान होता, सरांनी ब्रशचा केस दाखवेपर्यंत.

दाखला आणायचा ठरला आणि इमारतीत सल्ल्यांचा पूर आला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, पदक रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, खरं असेल तर बुडेल. मी म्हटलं, खोटं असलं तरी बुडेल, लोखंड आहे. तर म्हणाल्या, "मग उगाच का काळजी करता?" तळमजल्यावरच्या निवृत्त तिकीट तपासनीसांनी ते दाताखाली धरून चावून पाहिलं. त्यांचा दात हलला, आणि पदकाला कसली तरी चव आहे असं त्यांनी नोंदवलं. चिरंजीव म्हणाले, "आई, इंटरनेटवर फोटो टाकतो." टाकला. पंधरा मिनिटांत एकानं विचारलं, 'गॅसच्या शेगडीचं झाकण कितीला देणार?' चिरंजीवांनी फोटो काढून टाकला आणि त्या विषयातून अंगही काढून घेतलं.

शेवटी भावजी गाडी घेऊन आले. "वहिनी, आधी सराफाकडे. सेनापतीचं पदक, आत चांदी निघायची."

सराफाच्या दुकानात गर्दी होती. सराफानं पदक उलटसुलट केलं, खणातून एक लोहचुंबक काढलं आणि नुसतं जवळ नेलं. पदकानं टुणकन उडी मारली आणि चुंबकाला जाऊन बिलगलं. इतक्या आनंदानं मी आमच्या घरात कुणाला कुणाला भेटताना पाहिलेलं नाही. सगळं गिऱ्हाईक हसलं. सराफ म्हणाला, "आजी, लोखंड आहे. भंगारवाला पुढच्या चौकात बसतो."

भावजी ताठ उभे राहून सगळ्या दुकानाला उद्देशून म्हणाले, "शूर माणसाचं पदक लोखंडाचंच असतं!" एक बाई टाळ्या वाजवू लागली. मी भावजींचा कोपर धरून त्यांना बाहेर काढलं.

मग संग्रहालय. तिथं वस्तू तपासून देतात असं कळलं होतं. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज दिला. त्यात 'वस्तूचा प्रकार' असा रकाना होता आणि पुढं पाचच शब्द छापलेले: शिल्प, नाणे, चित्र, वस्त्र, शस्त्र.

"पदक कशात बसतं?" मी विचारलं.

"कशातच नाही."

"मग नाणं लिहू? गोल तर आहे."

"गोल आहे म्हणून नाणं होत नाही, आजी. घड्याळही गोल असतं. कसलं पदक?"

"लष्करी," भावजी मागून गरजले.

"मग शस्त्र." त्यानं खूण केली. "शस्त्राला पोलीस ठाण्याचा ना-हरकत दाखला लागतो."

तर आम्ही ठाण्यात. आयुष्यात पहिल्यांदा. बाकावर एक सायकल हरवलेला माणूस बसला होता. त्यानं सरकून जागा दिली आणि आपुलकीनं विचारलं, "तुमचं काय गेलं?" मी म्हटलं, "अब्रू." तो म्हणाला, "ती मिळत नाही परत. सायकल तरी मिळते."

हवालदारांनी वही उघडली. "शस्त्र दाखवा."

मी रुमालाची गाठ सोडली.

"हे?"

"हेच."

"धार आहे?"

"नाही."

"बार उडतो?"

"नाही हो."

"फेकून मारलं तर लागतं?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण भावजींना कुठला धीर! "लागतं म्हणजे? खोक पडेल खोक! जर्मन लोखंड आहे ते!"

हवालदारांनी ते शब्दशः लिहून घेतलं. ते वाक्य खोडून घ्यायला आम्हाला पावणेदोन तास लागले. दोन वेळा साहेबांपुढं उभं राहावं लागलं. पदक हातात धरून मी कधी कुणावर उगारलं होतं का, हेही सांगावं लागलं. अखेर दाखला मिळाला: 'सदर वस्तू शस्त्र नसून वृद्ध महिलेच्या ताब्यात निरुपद्रवी अवस्थेत आढळली.' मी की पदक, ते काही मी विचारलं नाही. बाहेर पडताना सायकलवाला म्हणाला, "झालं ना काम? मी सोमवारपासून येतोय."

दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन खिडकीशी गेलो. कारकुनानं तो वाचला. "शस्त्र नाही?"

"नाही."

"मग शस्त्राच्या रकान्यात कसं घेऊ?"

त्या क्षणी ते पदक फेकून मारलं तर लागतं की नाही, हे मी करून दाखवणार होते. पण देव म्हणा, योग म्हणा, मागून एक बाई चालल्या होत्या. चाळिशीच्या, गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं, बोटांना कसलातरी काळा डाग. त्या थांबल्या. "काय आहे, बघू?" पदक भिंगाखाली धरलं, कड पाहिली, तो ब्रशचा केस चिमट्यानं अलगद उचलला. मग मला विचारलं, "आजी, रंगाचे किती थर आहेत यावर?"

"सात," मी ताबडतोब म्हटलं.

"कशावरून?"

मला वाटलं, झालं, दुसरे पुरावा-सर. पण त्यांनी लगेच हात जोडले. "नाही हो, शंका नाही घेत. लिहून घ्यायचंय मला. वस्तूबरोबर तिचा साक्षीदार सहसा येत नाही आमच्याकडे."

त्या एका वाक्यासाठी मी त्या बाईंना जन्मभर दुवा देईन. आठवडाभर मला कुणी साक्षीदार म्हटलं नव्हतं.

त्यांच्या खोलीत मोठं पांढरं टेबल होतं, त्यावर वाकलेला दिवा, बाटल्या, कापसाच्या काड्या. त्यांनी कापूस एका वासाच्या पाण्यात बुडवून पदकावर फिरवायला सुरुवात केली. चंदेरी गेला. खाली करडा.

"हा करडा?"

"हे गेले त्या वर्षीचा. मला कुठलाच रंग नको होता, रंगाऱ्यानं विचारलं तर म्हटलं, तूच ठरव."

त्यांनी लिहून घेतलं. करडा गेला, विटकरी आला. मुलाच्या लग्नाच्या आधीचा. व्याही येणार म्हणून घाईत दिलेला, त्यामुळं एका बाजूला ओघळ. ओघळ होताच. त्याखाली पांढरा. पांढऱ्याखाली पोपटी. "हा धाकटी झाली तेव्हाचा. तिला कावीळ झाली होती आणि मला पिवळं काही बघवत नव्हतं, म्हणून मुद्दाम पोपटी आणवला." बाई काड्या बदलत होत्या, मी वर्षं सांगत होते. इतकी वर्षं मी घर आवरलं, पण कुणी असं एकेक पदर उलगडून कधी विचारलं नव्हतं की बाई, हे कधीचं, तेव्हा तुझं काय चाललं होतं?

मग पोपटीखालचा तपकिरी गेला आणि खाली झळझळीत निळा निघाला.

"हा निळा?"

आमच्या खिडक्यांना निळा रंग कधीच नव्हता. सांगितलेले सात आणि हा धरला तर होत होते आठ! माझ्या स्मरणशक्तीचा असा जाहीर पराभव पहिल्यांदाच होत होता.

भावजी छताकडे बघत होते. माणसानं छताकडे इतकं बघू नये, शंका येते.

"भावजी?"

"सायकलचा आहे," ते हळूच म्हणाले. "कॉलेजात असताना. सायकलला द्यायच्या आधी कसा दिसतो ते पाहिलं."

"आणि मला सांगितलं नाहीत? पन्नास वर्षं?"

"तुम्ही रागावला असता, वहिनी."

भिंगवाल्या बाईंनी लिहिलं: 'थर क्र. ७, निळा, धाकट्या दिराची कबुली.' नंतर अहवालात ते असंच छापून आलं.

निळ्याखाली शेवटचा चंदेरी होता, माझा पहिला हात. तो निघाला आणि काळं लोखंड दिसलं. गंजाचा ठिपकासुद्धा नाही. "आजी, रंग द्यायचा नसतो अशा वस्तूला," बाई म्हणाल्या, "पण दिला नसता तर आज कदाचित एवढी कोरी राहिलीही नसती. काय बोलावं?" मी म्हटलं, काहीच बोलू नका.

मग त्यांनी दिवा जवळ ओढला. भावजी पुढं वाकले. "बंदूक कुठाय?"

"बंदूक नाही. बाई आहे ही."

"जर्मन सैन्यात बायका होत्या?"

"सैन्यातली नाही. गुडघे टेकून बसलीय, हात पुढं केलेत. हातात बघा काय आहे."

मी भिंगातून पाहिलं. नखाएवढी बाई होती. हातात दागिने होते. ती ते देत होती.

बाईंनी कपाटातून एक जाडजूड सूची काढली, पानं उलटली, चित्राशी पदक ताडून पाहिलं, जाडी मोजली, वजन केलं. मग म्हणाल्या, "अस्सल आहे. एकोणीसशे सोळा सालचं. पण लढणाऱ्यांचं नाही हे. युद्धात सरकारला सोनं कमी पडलं, तेव्हा लोकांना आवाहन केलं. बायकांनी अंगठ्या, साखळ्या, बांगड्या दिल्या. त्या बदल्यात त्यांना हे मिळायचं. अशी पुष्कळ निघाली होती, फार दुर्मीळ नाही."

सेनापती जागच्या जागी कोसळला. भावजींचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे शौर्याचं नाही?"

"मागं काय लिहिलंय ते वाचते," त्या म्हणाल्या. थोडं अडखळत जर्मन वाचलं, मग सांगितलं: "सोनं मी दिलं रक्षणासाठी, लोखंड मी घेतलं मानासाठी."

त्याच्या आईचं पदक. मामंजी अगदी बरोबर सांगत होते. आणि आम्ही सगळ्या शहाण्यांनी तीस वर्षं त्यांना दुरुस्त केलं होतं.

पण मी त्याचा विचार करत नव्हते. माझ्या डोळ्यांपुढं स्वयंपाकघराचं दार होतं. भावजींच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी माझ्या दोन सोन्याच्या बांगड्या काढून यांच्या हातात दिल्या होत्या. आईनं लग्नात घातलेल्या, तेवढंच सोनं होतं माझ्याकडे. आम्ही दोघांनी ठरवलं, घरात बोलायचं नाही. मामंजींना सांगितलं की ऑफिसनं उचल दिली. कुणी विचारलं नाही, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला थोडं लागलंही होतं. चार दिवसांनी मामंजी उंबरठा ओलांडून आले. 'हे त्याच्या आईचं. आता तुझं.' मनात आलं होतं, काय नशीब बाई, घरातून सोनं गेलं आणि लोखंड आलं.

आणि मी त्यावर रंग दिला. मामंजींनी ते खिडकीत वाळत ठेवलेलं पाहिलं होतं. मला आठवतं, थोडा वेळ बघत उभे राहिले. "छान केलंस," म्हणाले, आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. ज्याला बोलता येत नाही अशा माणसानं एकदाच जन्मात मनातलं सांगितलं, तेही जर्मन भाषेत, आणि मी ते जाळीच्या रंगानं झाकून टाकलं.

"आजी, पाणी देऊ?" भिंगवाल्या बाईंनी विचारलं.

"नको. त्या औषधाचा वास डोळ्यांत जातोय. एक करा, कडेचा एवढासा तुकडा तसाच ठेवा. सगळे रंग राहू द्या तिथं."

"ठेवते. आमच्यातही तशी पद्धत आहे."

पायऱ्या उतरताना भावजी माझ्या हातांकडे बघत होते. हे त्यांच्या बाबतीत ऑपरेशननंतर पहिल्यांदाच घडत होतं. मग मधल्या पायरीवर थांबून म्हणाले, "इस्पितळात तुम्ही मला भरवायला यायचात. तुमच्या हातांचा आवाज येईना. मी विचारलं तर म्हणालात, बांगड्यांची कामात अडचण होते, काढून ठेवल्यात."

"म्हणाले असेन."

"त्या परत कधी दिसल्याच नाहीत."

"भावजी, पायरी बघून उतरा. पडलात तर आता काढून द्यायला काही नाही माझ्याकडे."

ते हसले. मग रुमाल काढून नाक शिंकरायला त्यांनी फार वेळ लावला.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी आम्ही कमिटीपुढं गेलो. पुरावा-सरांनी अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, धाकट्या दिराच्या कबुलीसकट. शिक्का बोट फिरवून पाहिला. मग चिठ्ठी काढली आणि 'कथित' या शब्दावर पट्टीनं सरळ रेघ मारली. "काकू, मी तुमची माफी मागतो. तुमच्या मामंजींचीही."

"माफी कसली सर? तुम्ही तो शब्द लिहिला नसता तर मी मरेपर्यंत रंगच देत राहिले असते."

खरंच सांगते, राग कुठल्या कुठं गेला होता. सर, सराफ, हवालदार, तो रकान्यांचा कारकून, सगळ्यांनी मिळून मला ढकलत ढकलत त्या पांढऱ्या टेबलापाशी नेलं होतं. एकानं जरी सरळ वागणूक दिली असती तरी मी अर्ध्या वाटेवरून घरी आले असते.

सर नवी चिठ्ठी लिहू लागले. भावजी म्हणाले, "त्यात एक ओळ घाला. हे पदक पुढं आणखी एका बाईला, त्याच कारणासाठी दिलं गेलं."

सरांची लेखणी थांबली. सवय वाईट. "त्याला पुरावा?"

"भावजी, जाऊ द्या," मी म्हटलं.

पण भावजी उठले. सदऱ्याची बटणं काढायला लागले. पहिलं, दुसरं, तिसरं. खजिनदार म्हणाले, "अहो, हे काय!" कमिटीतल्या एक बाई खिडकीतून बाहेर बघू लागल्या. भावजींनी बनियन वर केलं. बेंबीच्या वरपासून छातीपर्यंत जुनी पांढरी शिवण, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके.

"हा घ्या," ते म्हणाले. "छप्पन्न वर्षं चालतोय."

सर चष्मा लावून जवळ गेले. खाली वाकले. मला वाटलं आता भिंग मागतात की काय. बराच वेळ पाहिलं. मग सावकाश जागेवर जाऊन बसले आणि लेखणी उचलली. "कशावरून" म्हणाले नाहीत. त्यांच्या बायकोला मी हे सांगितलं तर तिचा विश्वास बसला नाही.

चिठ्ठी आता अशी आहे: 'जर्मन पदक, १९१६. सोनं देणाऱ्या स्त्रियांना मिळत असे. हे दोनदा दिलं गेलं.' छत्री तिथून हलवलीय. मी दर मंगळवारी वर्तमानपत्र वाचायला जाते आणि कपाटाशेजारची खुर्ची मिळाली तर बरं वाटतं. मामंजींना 'कळलं हो' एवढं सांगायला उशीर झाला, पण ते घाई करणाऱ्यांतले नव्हतेच.

परवा भावजी आले. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड. टेबलावर ठेवलं तर धप्प आवाज झाला. आत लोखंडी तवा होता, नवा कोरा, काळाभोर.

"हे काय?"

"लोखंड," ते म्हणाले. "मानासाठी."

मी तवा हातात घेतला. माझ्या मनगटाला पेलणार नाही एवढा जड. सुनेला उचलावा लागणार रोज. मी पदरानं पुसू लागले, डोळे नव्हे, तवा. भावजी दारापर्यंत गेले, चप्पल घातली आणि मागं वळून म्हणाले,

"आणि वहिनी, याला रंग देऊ नका."